हळदीच्या पंगतीतला कटला

माझं गाव वेंगुर्ला. आमच्याकडे माशाची व्याख्या सोपी आहे. समुद्रातून येतो तो मासा, खाडीतून येतो तो माशाचा गरीब चुलतभाऊ, आणि गोड्या पाण्यातून येतो त्याला काहीही म्हणा, पण मासा म्हणू नका. हे बाळकडू मला घरीच मिळालं होतं. पुढे मुंबईत नोकरी झाली, निवृत्त झालो, वसईजवळ उमेळ्याला फ्लॅट घेतला, तरी या मतात तसूभर फरक पडला नव्हता.

फ्लॅट दाखवताना दलालाने 'लेक व्ह्यू' असा शब्द वापरला होता. राहायला आलो त्या दिवशी खिडकी उघडली तर खाली बावखल. वसईत जिथे वाडी तिथे बावखल, म्हणजे केळीला आणि भाजीला पाणी द्यायला जुन्या लोकांनी खणलेलं तळं. काठावर एक बाई नऊवारी खोचून उभी होती आणि स्टीलची थाळी पळीने बडवत होती. मला वाटलं कुणाशी तरी भांडण चाललंय. माझी बायको वसुंधरा म्हणाली, "आरती असेल." दोन्ही नव्हतं. बघता बघता पाण्याला उकळी फुटल्यासारखं झालं आणि शेकडो तोंडं आ वासून वर आली. बाईने टोपलीतला कोंडा फेकला, मान वर केली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आम्हा दोघांना ओरडून विचारलं, "नवीन आलाव काय? मासं लागलं तर सांगा. जिजा म्हनतात मना."

मी खिडकी लावून घेतली. गोड्या पाण्यातल्या बाईशी ओळख वाढवण्यात मला रस नव्हता. वसुंधरा मात्र संध्याकाळीच खाली जाऊन चहा पिऊन आली.

जिजाबद्दल पहिली गोष्ट सांगायची ती ही की ती अजिबात गरीब गाय नाही. आवाज खणखणीत, बांधा आडवा, आणि स्वतःची स्तुती करायला दुसऱ्याची वाट बघत बसणं तिला मान्य नाही. घरामागे बावखल, बावखलाच्या बाजूला सिमेंटचे दोन गोल हौद, एक पंपाची खोली, एवढी तिची माशांची पिल्लं काढायची हॅचरी. पण ती दाखवायला निघाली की आपण एखादं धरण बघायला आलोय असं वाटतं. ती खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातली, लग्न होऊन उमेळ्यात आली. सासरच्या भातशेतीत खारं पाणी शिरायला लागलं आणि पीक गेलं, तेव्हा घरातले सगळे कपाळाला हात लावून बसले आणि ही एकटी मत्स्यबीजाच्या सरकारी प्रशिक्षणाला जाऊन बसली. तिथे बाई ती एकटीच होती म्हणतात. म्हणजे तीच म्हणते.

तिथे तिला कळलं की रोहू आणि कटला साचलेल्या पाण्यात वाढतात, पण पिल्लं घालत नाहीत. त्यांना पूर आलेली नदी लागते. मग नर-मादी निवडायची, पंखाच्या मुळाशी अंडी सुटायच्या औषधाची सुई टोचायची, गोल हौदात सोडायची आणि नळ्यांतून पाणी असं गरगर फिरवत ठेवायचं की बिचाऱ्यांना वाटावं, नदी फुगली. "फसवायचं त्यांना," जिजा सांगते, "पन प्रेमानं." सकाळी हौदात भिजलेल्या साबुदाण्यासारखी अंडी फिरत असतात. ती फुटली की निघतं ते जिरं. सरकारी पुस्तकातसुद्धा मत्स्यजिरे असाच शब्द आहे. जिरं बोटाएवढं झालं की त्याची बोटुकली होते, आणि बोटुकली न्यायला वाडा-विक्रमगडकडचे शेततळीवाले टेम्पो घेऊन येतात.

पहिल्या वर्षी तिने सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. अंडी फुटली. घरात बाळंतपण झाल्यासारखा आनंद झाला, आणि तिथेच घात झाला. हिने हौदाला हळदकुंकू वाहिलं, दिवा लावला आणि तो पानावर ठेवून पाण्यात सोडला. पाणी फिरतं, पान कलंडलं, तेलाचा तवंग हौदभर पसरला. संध्याकाळपर्यंत जिरं सगळं तळाला. ती हौदाच्या कठड्यावर बसून ढसाढसा रडली, हेही तिनेच आम्हाला सांगितलं, त्यात तिला काही कमीपणा वाटत नाही. तेव्हापासून पूजा मोटरीची होते. मोटरीला तेल चालतं.

मोठा झालेला मासा जातो नालासोपाऱ्याला. तिथे बंगाली, बिहारी, उत्तर प्रदेशी माणसं गावाकडच्या माशासाठी आसुसलेली असतात. पहाटेची जाळी मारून जिजा सकाळी रिक्षात टब घालून निघते आणि दुपारी रिकामा टब घेऊन येते. श्रावणात आपल्याकडे सगळे सात्त्विक होतात, तेव्हाही तिचा धंदा थांबत नाही.

एक गिऱ्हाईक निर्मळचं. क्लेमेंट नावाचा केळीबागायतदार. त्याने वाडीतल्या तळ्यावर मुंबईच्या हौशी लोकांसाठी गळ टाकून बसायची सोय केली. मासा लागला की वर काढायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. जिजाने चांगले अंगापिंडाचे रोहू-कटले दिले. पहिल्या रविवारी मंडळी भारी भारी काठ्या घेऊन छत्र्यांखाली बसली. पलीकडच्या काठाला जेवणाचं टेबल होतं, तिथे वाढप्याने स्टीलच्या ताटल्या मांडायला घेतल्या. ताटल्यांचा खणखणाट झाला मात्र, तळ्यातला मासा न् मासा त्या काठाला. गळवाले इकडे, मासे तिकडे. क्लेमेंटचा फोन आला, "जिजाबाय, तुझे मासे जेवाला आलेत. लायनीत उभे हायत."

"मंग वाढ त्यांना," जिजा म्हणाली.

तेव्हापासून क्लेमेंटसाठी ती वेगळी तुकडी वाढवते. त्यांना थाळी नाही, हाक नाही, गोणपाटाच्या आडून गुपचूप कोंडा. त्यांना ती 'जंगली' म्हणते आणि त्यांच्याशी बोलत नाही, म्हणजे ते माणसाला बुजरे राहतात. क्लेमेंट खूश आहे.

तिच्या माशांनी अंग धरण्याची कीर्ती मोठी आहे. कोंडा किती, शेंगदाण्याची पेंड किती, हे माप ती कुणापासून लपवत नाही. शिकायला येणाऱ्या बायकांना तोंडपाठ म्हणून दाखवते. पण त्याच मापाने घालूनही त्यांचे मासे तिच्या माशांइतके गुबगुबीत होत नाहीत. "हाताचा गुन लागतो," ती म्हणायची आणि हात पुढे करून दाखवायची, जसं काही तिथे लिहिलेलंच आहे.

आणि अशा बाईच्या घरात तिचा मासा न खाणारा एक माणूस होता. तिचा नवरा, काळूराम.

काळूराम वसई पूर्वेच्या एका कारखान्यातून रातपाळीचा फिटर म्हणून निवृत्त झालेला, उंच, हडकुळा, मितभाषी. त्याचा जीव खाडीत. भरतीची वेळ साधून खांद्यावर पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून निघायचा आणि निवट्या, बोय, कोळंबी, पावसाच्या तोंडावर चिवणी, जे मिळेल ते घेऊन यायचा. मासळीतलं त्याला जितकं कळतं तितकं त्या आळीत कुणाला कळत नाही. कुणाकडे लग्न ठरलं की मासळी निवडायला काळूरामच. कल्ला उघडायचा, वास घ्यायचा आणि नुसती मान हलवायचा. त्याची मान आडवी हलली की कोळीण टोपली उचलायची, हुज्जत घालायची नाही. मला हा माणूस पहिल्या भेटीतच आवडला. आमची मतं जुळत होती.

जिजाच्या माशांबद्दल त्याचं मत मी त्याच्याच ओट्यावर ऐकलं. "भाऊ, त्यो मासा नाय. पान्यातला भोपला हाय त्यो." मी मनापासून दाद दिली. आत जिजा चुलीपाशी होती. भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला, एवढंच.

घरात तिच्या माशाचं कालवण झालं की तो सुका बोंबील भाजून घ्यायचा. भांडण नाही, तंटा नाही. पानात बोंबील घ्यायचा, जेवायचा, उठायचा. बाकी नवरा म्हणून त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. हौदाचं बांधकाम त्याने स्वतः केलेलं, मोटर बिघडली तर रात्र असो दिवस असो तो दुरुस्त करणार, जाळं फाटलं तर तो विणणार. फक्त घास घेणार नाही.

जिजाला हे किती लागलं होतं ते ती आम्हाला दाखवत नसे. पण वसुंधरेला एकदा म्हणाली, "सोपाऱ्याला एक बंगाली बाय हाय. माज्या रोहूचा वास घेतला नि तिच्या डोल्यात पानी आलं, म्हने आईच्या घरची आठवन झाली. नि माज्या घरात? चौदा वर्सं झाली वयनी. एक घास नाय. सगला गाव जेवला नि त्यो नाय जेवला, तर मी काय कमावलं?" वसुंधरेने हे मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चव ही चव असते, ती बायकोच्या हट्टाने बदलत नाही. त्यावर वसुंधरा दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग त्यांच्या रीमाचं लग्न ठरलं. रीमा त्यांची एकुलती एक, वसई रोडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. मुलगा विरारचा, विघ्नेश, बँकेत. लग्न हॉलमध्ये, पण हळद घरीच. आणि या आळीत हळद म्हणजे जेवण. लग्नाला कोण काय जेवलं ते कुणी लक्षात ठेवत नाही, हळदीचं मात्र वीस वर्षांनीही निघतं. शिवाय तिथली एक रीत आहे. पहिल्या पंगतीला यजमान गावच्या थोरांबरोबर बसतो, आणि त्याने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही.

"हलदीला मासली माजी," जिजाने एका संध्याकाळी ओट्यावर जाहीर केलं. आम्ही दोघेही तिथेच होतो.

काळूराम पागाची शिसं तपासत होता. त्याने वर बघितलं नाही. "गाव जेवाला येनार हाय, हसाला नाय."

"चौदा वर्सं मासं काढते मी. पोरीच्या हलदीला बाजारची सुरमई आनू? लोक थुकतील माज्या तोंडावर."

"मंग आन तुजी. पन मना घास घेवाला लावू नको."

"पयला घास तुमचाच हाय," जिजा म्हणाली. "सगल्या गावादेखत. मी बघतेच."

हळद बुधवारी होती. त्याआधीचा आठवडाभर त्या घराचं सगळं लक्ष मंडपाकडे, आणि जिजाचं हौदाकडे. बावखलातल्या माशाला चिखलाचा वास असतो, तो घालवायचा तर त्याला स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवावं लागतं. तिने मोठमोठे कटले आणि रोहू निवडून एका हौदात आणले, विहिरीचं पाणी सतत फिरतं ठेवलं आणि घरादाराला तंबी दिली, कुणी कण टाकायचा नाही. रीमा म्हणाली, "आई, नवरीला उपास असतो, माशांना पण?" जिजाला हसायला वेळ नव्हता. ती सकाळ-संध्याकाळ पाण्यात हात घालून हुंगायची. येता-जाता आम्हालाही हुंगायला लावायची. मी नाक मुरडून हुंगलं, मला नुसता पाण्याचा वास आला, आणि मी तसं सांगितलं नाही.

खिडकीतून दिसायचं ते एवढंच की संध्याकाळी बायका आत वडे तळायला बसल्या की काळूराम हौदापाशी जाऊन उकिडवा बसतो. मला वाटलं, खोट शोधतोय. आता पंगतीत काय तोंडाने नाही म्हणायचं याची तयारी करतोय बिचारा.

बुधवारी सकाळी आळीतल्या बायका विळ्या घेऊन मासे साफ करायला बसल्या. वसुंधराही हौसेने बसली होती. जिजाने पहिला कटला चिरला आणि तिचा हात थांबला. आतडी रिकामी हवी होती, ती भरलेली होती. पिवळसर पीठ, आणि त्याला मेथीचा वास. दुसरा मासा चिरला, तेच. तिसरा, तेच. लग्नाचे वडे. तांदळाच्या पिठात मेथी-बडीशेप घालून तळलेले, घरात परातीच्या पराती भरून ठेवलेले.

जिजाने विळी आडवी केली. हौदापाशी कोण बसायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

"बघा वयनी," ती वसुंधरेला म्हणाली. आवाज खाली आला होता, आणि तो नेहमीच्या आवाजापेक्षा वाईट होता. "मासं नासवाला निघाला होता. गावादेखत माजं नाक कापाला. एवडा वैरी?"

वसुंधरा धावत वर आली आणि मला सगळं सांगितलं. मलाही दुसरं काही सुचलं नाही. हा माणूस मला आवडत होता, पण हे वागणं फार हलकं होतं. एखादी चव नाही आवडत तर नको खाऊ. बायकोच्या श्रमात माती कालवायची म्हणजे काय? मी चिडलो. गोड्या पाण्याच्या बाजूने मी आयुष्यात प्रथमच चिडत होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मी आणखी चिडलो.

रीमा शहाणी. हातापायाला हळद लागायच्या आधी तिने एक तुकडी मीठ-हळद लावून तव्यावर टाकली आणि आईला खायला लावली. मग वसुंधरेला. वास नव्हता. वड्यांनी माशाचं काही बिघडलं नव्हतं, पाणी स्वच्छ होतं ते स्वच्छच राहिलं होतं. स्वयंपाक ठरल्याप्रमाणे करायचा असं ठरलं. पण जिजाचा राग आता वासाचा राहिला नव्हता. ती दिवसभर काळूरामशी एक शब्द बोलली नाही. तो मंडपाच्या दोऱ्या ताणत होता, खुर्च्या मोजत होता, मध्येच तिच्याकडे बघत होता. काय झालं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळी धवलारणीने लग्नाची गाणी धरली, रीमाला हळद लागली, आणि उजेड आहे तोवर पहिली पंगत बसली. यजमान म्हणून काळूराम मधोमध, पांढरा सदरा, कपाळाला हळद. मलाही थोर धरून त्याच्या शेजारी बसवलं होतं. समोर आळीतली जुनी माणसं. निर्मळहून क्लेमेंटही आला होता. पत्रावळींवर भात आला, वडे आले, लाल रसा आला. मग मासळी. सगळ्यांच्या पानांत तुकड्या पडल्या आणि कुणी हात लावला नाही. सगळे काळूरामकडे बघत होते.

त्याचं पान वाढायला जिजा स्वतः आली. नवी हिरवी साडी, हातात परात, परातीत कटल्याचं अख्खं डोकं. मानाचं डोकं. तिने ते त्याच्या पानात ठेवलं आणि तिथेच उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. सकाळपासूनचा पहिला शब्द.

काळूरामने पानाकडे बघितलं. मी शेजारी होतो, मला दिसलं की त्या डोक्याचा वरचा ओठ एका बाजूने फाटलेला होता, जुनी जखम असावी तसा.

"ह्यो फाटक्या ओठाचा," तो म्हणाला. मला म्हणाला की स्वतःशी, कळलं नाही. "हा पयला येतो. बाकीच्यांना ढकलून येतो. काल दोन वडं एकटा जेवला."

जिजाची परात कलली. मी ती धरली नसती तर रसा माझ्या धोतरावर आला असता.

"तुमी घातलं वडं," ती म्हणाली.

"घरात लगीन हाय. कावल्याला पन घास टाकतो आपुन. नि हे हौदात उपाशी, माजं तोंड बघून वर येत व्हतं. मना ऱ्हावलं नाय." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "तू सोपाऱ्याला जातस तवा मी रोज घालतो त्यांना. भाकरी, भात, काय असल त्यो."

"रोज?"

"पयल्यापासून."

चौदा वर्षं. कोंडा किती, पेंड किती, हे माप बायका लिहून न्यायच्या, आणि माशांना अंग धरायला लावणारं जे होतं ते त्यात नव्हतंच. जिजाचा चेहरा असा झाला होता की आधी राग संपवू की हसू की रडू, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"मंग भोपला कशाला म्हनायचाव माज्या माशाला? चौदा वर्सं?"

"खाडीतला मासा माजा कोन नाय लागत," काळूराम म्हणाला. "गावला तर गावला. ही दारात वाढली. हातातून खातात माज्या. त्यांना कसा खाऊ? नि गड्यामानसानं असं सांगावं काय, का मना माशाची माया येते? तुमीच हसला असता."

हसले, खरंच हसले. समोरचे दोघे म्हातारे पाणी डोळ्यांत येईपर्यंत हसले. पण मला हसू आलं नाही. मला त्या माणसाचा फार फार हेवा वाटला आणि सकाळी मनात त्याला जे बोललो होतो त्याची लाज वाटली.

हसणं ओसरलं तशी पुन्हा पंचाईत समोर आली. घास कुणी घेतला नव्हता. रसा निवत चालला होता. आणि यजमानाने माशाला हात न लावता पान सोडलं तर गावात काय बोललं जाईल ते त्या पंगतीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्याची कारणं काहीही असोत. काळूरामला सर्वांत जास्त ठाऊक होतं. शेवटी गावात मासळीला मान हलवणारा तोच.

त्याने सदऱ्याची बाही मागे सारली. "गाव बसलंय," तो हळू म्हणाला. "तुजा मान हाय. घेतो." आणि त्याने गालाजवळचा मऊ भाग बोटांनी सोडवला. घास पानातून वर उचलला गेला, छातीपर्यंत आला.

जिजाने त्याचं मनगट धरलं.

जी गोष्ट तिने चौदा वर्षं मागितली होती ती तिच्या डोळ्यांसमोर, सगळ्या गावादेखत, तोंडापासून वीतभर अंतरावर होती. तिने त्याचा हात खाली आणला, घास त्याच्या बोटांतून काढून घेतला. मग साडी आवरून पंगतीतच, माझ्या आणि त्याच्या मध्ये, मांडी घालून बसली. मला सरकावं लागलं. तिने त्याच्या पानातलं डोकं उचलून स्वतःपुढे घेतलं.

"यजमान मी पन हाय," ती पंगतीला म्हणाली, आणि पहिला घास तिने घेतला.

बाईमाणसाने पहिल्या पंगतीत पहिला घास घेतल्याचं त्या आळीत कुणी पाहिलं नव्हतं. क्षणभर सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग समोरच्या सगळ्यांत जुन्या म्हाताऱ्याने भातावर रसा ओतून कालवला, आणि सगळी पंगत जेवायला लागली.

मीही तुकडी तोंडात टाकली. वेंगुर्ल्यात हे कुणी वाचणार असेल तर त्याने पुढचं वाक्य गाळावं. मी तीनदा मागून घेतली. क्लेमेंट म्हणाला की ह्याच्यापुढे आपल्या लोकांना मासा परत सोडायला सांगणं म्हणजे पाप आहे. दुसऱ्या पंगतीसाठी तुकड्या पुरतील की नाही अशी आत कुजबुज सुरू झाली.

रीमा आतून, हळदीने माखलेल्या हातांनी, बापासाठी भाजलेला बोंबील घेऊन आली. तो मान खाली घालून वड्याबरोबर बोंबील खात होता. जिजा त्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती आणि फाटक्या ओठाच्या कटल्याचं डोकं चवीने चोखत होती. मध्येच तिने कोपराने त्याला ढोसलं, तसा तो हसला. नवऱ्याने आपल्या माशाचा एक घास खावा ही तिची एवढ्या वर्षांची इच्छा काही पुरी झाली नव्हती, आणि आता होणारही नव्हती. तिच्या तोंडाकडे बघून तसं कुणालाही वाटलं नसतं.